पाच लाख ओहमचे हात

लाकड्याला आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नसतं. विजेच्या मोटारी भरायच्या दुकानात कामाला लागला तेव्हापासून तो लाकड्याच. बायकोच्या माहेरची माणसंही त्याला मागे लाकड्याच म्हणायची, फक्त जरा दात खाऊन.

नाव पडलं ते हातांवरून. घट्टे काय, कष्टाच्या माणसाला पडतातच. याच्या तळहातांवर मात्र घट्ट्यावर घट्टा चढून सगळ्याची मिळून एकच साल झाली होती, जुन्या खोडाला असते तशी, पिवळट आणि चिरा पडलेली. टाचणी टोचली तर टाचणी वाकायची. सिगारेट तो तळहातावर विझवायचा आणि थोटूक कानावर ठेवून द्यायचा. घाम तर त्या हातांना ठाऊकच नव्हता. भर उन्हात कपाळावरून धारा लागल्या असल्या तरी हात कोरडे ठणठणीत.

दुकान एका खोलीचं. जळक्या मोटारी यायच्या. त्यांतली करपलेली तांब्याची तार उपटून काढायची, नवी भरायची, वर व्हार्निश ओतायचं आणि भट्टीत भाजायचं. भाजलं की ते व्हार्निश काचेसारखं कडक होतं आणि तारेतली वीज बाहेर फुटू देत नाही. लाकड्याला हे सगळं यायचं, पण मालकाने त्याला पोसला होता तो एवढ्यासाठी नव्हे. वीज बंद न करता चालू तारेवर उघड्या हातांनी काम करणारा माणूस त्या भागात दुसरा नव्हता. ज्या कारखान्यांना घटकाभरही बंद राहणं परवडत नसे ते मालकाकडे येत, आणि मालक लाकड्याला पाठवी. त्याच्या बदल्यात दुकानामागची खोली त्याला राहायला होती. हात आहेत तोवर खोली आहे, असं मालक हसत हसत म्हणायचा, पण म्हणायचा जरूर.

मालकाला विजेचा हिशेब सांगायचा भारी नाद. गिऱ्हाईक टेकलं रे टेकलं की सुरू. व्होल्ट भागिले ओहम की निघाले अँपिअर. व्होल्ट म्हणजे मागून रेटणारा जोर, ओहम म्हणजे वाटेतली अडवणूक, आणि त्यातून जे पार जातं ते अँपिअर. व्होल्ट नुसता भुंकतो, चावतो तो अँपिअर. एवढं सांगून झालं की लाकड्याला हाक जायची. ओहम मोजायच्या मीटरच्या दोन कांड्या त्याच्या दोन मुठींत द्यायच्या. अडवणूक जितकी जास्त तितकी या मीटरची सुई कमी हलते. सुई जागची उठल्यासारखी करायची आणि पाच लाखांच्या खुणेवर जाऊन बसायची. दोनशे तीस व्होल्ट भागिले पाच लाख ओहम, म्हणजे अर्धा मिलिअँपिअरसुद्धा नाही. अंगावर मुंगी चालावी एवढंच. मग मालक स्वतः कांड्या धरून दाखवायचा आणि सुई सुटल्यासारखी धावायची. लोक हसायचे. शेवटी खरा खेळ. दाराचा लोखंडी खांब लाकड्याच्या डाव्या हातात, चालू तार उजव्या हातात, आणि तसाच उभा राहून तो एका पायाने दुसरा पाय खाजवायचा. मधेच डोळे पांढरे करून थरथरायचा. बायाबापड्या किंचाळल्या की दात काढायचा.

सोसायची सवय लागलेल्या माणसाला दुसऱ्याचं सोसणं दिसेनासं होतं म्हणतात. लाकड्याचं तसं नव्हतं. त्याला ते दिसायचं आणि आवडायचं. पकडीच्या दांड्यांवरचं रबर काढून ठेवायचा, पकड तारेला लावायचा आणि जवळच्याला म्हणायचा, जरा धर रे. समोरच्या शिंप्याने एकदा धरली. शिंपी मागच्या मागे कपाटावर आदळला आणि त्याच्या जिभेचा शेंडा त्याच्याच दातांत तुटला. तेव्हापासून शिंपी बोलताना शिट्टी वाजते. लाकड्या त्याची नक्कल इतकी हुबेहूब करायचा की शिंप्याची पोरंसुद्धा हसायची.

लग्न होऊन बायको घरात आली तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात मीटर काढला. तिच्या मुठींत कांड्या दिल्या. मग म्हणाला, हात पाण्यात बुडव. तिने बुडवले. पुन्हा कांड्या. सुई पलीकडच्या टोकाला जाऊन आदळली. दोन हजार. त्या दिवसापासून तिचं नाव दोन हजार. ए दोन हजार, पाणी आण. ए दोन हजार, चपला कुठे टाकल्यास. गल्लीतल्या बायकांना वाटायचं की याने तिच्या बापाला एवढेच रुपये मोजलेत. तिला समजावून सांगायची लाज वाटायची, म्हणून तिने तसंच वाटू दिलं.

पाहुणे आले की तिची परीक्षा. ती चहा घेऊन आली की तो तिला थांबवायचा.

"सांग, तू तार धरलीस तर?"

"दोनशे तीस भागिले दोन हजार. एकशे पंधरा मिलिअँपिअर."

"मग?"

"मग मी मेले."

पाहुणे हसायचे आणि ती कप ठेवून आत जायची. शाळेत दोनाचा पाढा अडखळत म्हणणारी ती बाई, पण हा भागाकार तिला झोपेतून उठवून विचारला तरी आला असता.

आणि तो मारायचा. त्यात गल्लीला फारसं नवल नव्हतं, पण या हातांचा मार वेगळा. चापट नव्हे, फळी बसल्यासारखा आवाज व्हायचा, तो समोर शिंप्याच्या मशीनवर ऐकू जायचा. तिच्या डाव्या कानाला कमी ऐकू यायला लागलं. कुणी बोलायला गेलं तर लाकड्या तळहात पुढे करून म्हणायचा, अहो, माझ्या हाताला कळतच नाही किती लागलं ते. यावरही माणसं हसली आहेत.

मग त्याला टायफॉइड झाला. साधासुधा नव्हे. उतरला म्हणेपर्यंत उलटला आणि माणूस महिनोन्महिने खाटेवर पडला. बायकोने त्याचं सगळं केलं, अंग पुसण्यापासून भांडं देण्यापर्यंत. ताप गेला आणि एक दिवस त्याच्या तळहाताची साल सुटायला लागली. साप कात टाकतो तशी ती कडेने उचलली, मग सोलपटं निघाली, मग एकदम मोठा तुकडाच. खालून हात निघाला तो कारकुनाच्या हातासारखा, गुलाबी, मऊ, आणि घाम येणारा. त्याने सोलपटं उशीखाली लपवली. बायकोने चादर झाडताना ती पाहिली आणि परत जिथल्या तिथे ठेवली.

बरं वाटायला लागल्यावर पाणी कोमट का दिलं म्हणून त्याने तिच्या कानाखाली मारली. आवाज झाला, पण फळीचा नाही. नुसता हाताचा. दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं. त्याने पुन्हा मारली, जोर लावून. ती पाणी बदलायला गेली.

ती नळावर गेल्याचं पाहून त्याने मीटर काढला. पण नळाला पाणी नव्हतं, ती लगेच परतली आणि दाराच्या फटीतून तिने पाहिलं. त्याने कांड्या धरल्या. सुई सरसर चढली. त्याने हात कपड्याला पुसून पुन्हा धरल्या, सुई पुन्हा चढली. मग तो मीटर मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. हे सगळं तिनेच पुढे बायकांना सांगितलं, कुणी न विचारता.

त्याला रडत बसायला सवड नव्हती. दुकानात नवा माणूस येऊन गेल्याची बातमी होती. तो रबरी हातमोजे घालून काम करायचा. मोज्यांनी खेळाची मजा जाते म्हणून मालकाने त्याला थांबवून ठेवलं होतं, पण त्याने मागची खोली पाहून ठेवली होती, खिडकी मोजूनसुद्धा गेला होता. त्यात बर्फाच्या कारखान्याचं काम आलं. तिथल्या यंत्राला वीज पुरवणारी तार विजेच्या फळ्यावर सैल झाली होती, ठिणग्या पडत होत्या, आणि यंत्र थांबवलं तर टाक्यांतला बर्फ बिघडणार होता. मालकाने निरोप धाडला की उद्या सकाळी येतो, हात बघतो, चांगले असतील तर तसंच निघू. नसतील तर मोजेवाल्याला सांगतो, आणि मग तुझं सामानही हलवावं लागेल.

लाकड्याच्या खाटेखाली व्हार्निशचा डबा होता. तो डब्याकडे पाहत बसला आणि त्याला सुचलं ते त्या धंद्यातल्या माणसालाच सुचावं. जे व्हार्निश मोटारीच्या पोटात पाचशे व्होल्ट अडवतं ते माझ्या हातावर दोनशे तीस अडवणार नाही काय? त्याने तळहातांना व्हार्निश चोपडलं. आणि मोटार भाजतात तसे हातही भाजले पाहिजेत, म्हणून चुलीवर धरले. कातडी पोळली, डोळ्यांतून पाणी आलं, पण हात काढले नाहीत. वाळल्यावर कांड्या धरल्या. सुई जागची हलेना. पाच लाख काय, त्याहून वर. तो आजारानंतर पहिल्यांदा हसला. बायकोला हाक मारून त्याने सुई दाखवली, काय केलंय ते मात्र सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सगळ्या घरात वास कोंदला होता.

जेवताना त्याने घास करायला मूठ मिटली आणि व्हार्निशला तडे गेले. मोटारीतली तार हलत नाही, माणसाचा हात हलतो. बारीक चकाकते पापुद्रे ताटात पडले. त्याला ते दिसले नाहीत, त्याचं लक्ष उद्यावर होतं. तिला दिसले. तड्यांखालची गुलाबी कातडी दिसली, तिच्यावरचा ओलसरपणाही दिसला. तिने वाढायचं काम चालू ठेवलं. सकाळी त्याने वरून व्हार्निशचा आणखी एक हात मारला आणि बोटं पसरून, काही न धरता, मालकाची वाट पाहत बसला.

मालक आला. कांड्या दिल्या. लाकड्याने त्या इतक्या हलक्या धरल्या, जणू अंडी धरलीत. सुई हलली नाही. मालकाचं समाधान झालं, पण नाकाचं झालं नाही. त्याने हवेत हुंगलं आणि वास कसला म्हणून विचारलं. लाकड्या म्हणाला की भिंतीपलीकडे दुकान आहे, वास यायचाच. हे खरंच होतं. तरी मालकाने त्याचा हात उलटून पाहिला, अंगठा फिरवला आणि मग दारात उभ्या असलेल्या बाईकडे वळला. ती भांडी घासता घासता उठून आली होती, हातांतून पाणी ठिबकत होतं.

"वहिनी, तुम्ही सांगा. हात आहेत ना पहिल्यासारखे?"

तिने आधी पदराला एकेक बोट पुसलं. लाकड्याला खोकला आला.

"माझ्या गालाला विचारा," ती म्हणाली. "काही फरक नाही."

मालक खो खो हसला. लाकड्याही हसला, आणि जाताना त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या वर्षांत ही पहिल्यांदाच काही उपयोगाची निघाली. तिने त्याच्या चपला पुढे करून ठेवल्या.

बर्फाच्या कारखान्यात उन्हाळा-हिवाळा सारखाच. टाक्यांत मिठाचं पाणी, त्यात पत्र्याचे डबे बुडवलेले, डब्यांत बर्फ गोठतोय. जमिनीवर सतत पाणी वाहतंय, भिंतींना दव सुटलंय, गोणपाटं ओलीचिंब. विजेचा फळा उंचावर, त्याला लोखंडी शिडी लावलेली, तीही घामेजलेली. कारखानदार मुख्य खटक्याजवळ उभा होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की काही झालं तरी हे बंद करायचं नाही. मालक म्हणाला, बंद करायचं असतं तर तुम्ही आम्हाला कशाला बोलावलं असतं, आणि लागलीच त्याने हिशेब सांगायला सुरुवात केली. दोनशे तीस भागिले पाच लाख.

लाकड्या शिडी चढला. डावा हात शिडीला, उजवा तारेला. सैल पेच त्याने नुसता बोटांनी फिरवून पाहिला, हाताला मुंग्यासुद्धा आल्या नाहीत. खाली पाहून त्याने मालकाला डोळा मारला. मग पेच घट्ट बसेना, म्हणून त्याने तार मुठीत धरून जोराने ओढली, आणि तोल सांभाळायला डाव्या हाताने शिडी आवळली. दोन्ही मुठी एकदम मिटल्या.

आवाज काही झाला नाही. विजेने मूठ मिटली की माणसाला ती उघडता येत नाही, आणि छातीच आखडली की ओरडताही येत नाही. तो नुसता थरथरत होता. मालक खालून म्हणाला, पुरे रे, लोकांना कामं आहेत. तो थरथरतच राहिला. बर्फ वाहणारे हमाल हसायला लागले, कारण त्यांनी हा खेळ दुकानाच्या दारात पाहिला होता. मग वास आला. आधी व्हार्निशचा, नंतर व्हार्निशचा नसलेला.

खटका कारखानदाराच्या हाताशी होता. त्याने मालकाकडे पाहिलं. मालकाने टाक्यांकडे पाहिलं. दुसऱ्याने काहीतरी म्हणावं म्हणून दोघेही थांबले. मालकाने गोणपाट उचललं, ते ओलं लागलं म्हणून टाकलं, दुसरं उचललं, तेही ओलंच. शेवटी एका हमालाने कारखानदाराला ढकलून खटका खाली ओढला. यंत्र थांबलं आणि लाकड्या शिडीवरून मिठाच्या पाण्यात पडला. कारखानदाराने त्या हमालाला संध्याकाळी कामावरून काढलं.

लाकड्या वाचला कसा, ते कुणाच्याच हिशेबात बसलं नाही. दवाखान्यात उजव्या हाताची सगळी बोटं मुळापासून काढावी लागली. डाव्या हाताची मूठ मिटली होती ती मिटूनच राहिली, तिच्यात काही धरता येईना की सोडता येईना.

मालक बघायला आला. बसायला जागा नव्हती, उभ्याउभ्याच त्याने बाईला हिशेब सांगितला. ओल्या हातांचे आणि अंगाचे मिळून हजार ओहम धरू. दोनशे तीस भागिले हजार, झाला पाव अँपिअरला थोडा कमी. आता त्याला पुन्हा दोनशे तीसने गुणायचं, म्हणजे किती ताप झाला ते वॅटमध्ये निघतं. बावन्न-त्रेपन्न वॅट. आपलं तारा जोडायचं सोल्डरिंगचं आयर्न तेवढ्याच वॅटचं असतं. म्हणजे दोन मुठींत मिळून एक तापलेलं आयर्न धरून ठेवल्यासारखं झालं, बाकी काही नाही. त्यात दुकानाचा काय दोष, मीटरने पाच लाख दाखवले होते. शिवाय वहिनी, तुम्हीसुद्धा सांगितलंत.

ती म्हणाली, हो, मी सांगितलं.

खोली मोजेवाल्याला गेली. त्याने सामान आणायच्या आधी खोली धुऊन काढायला लावली, वास जाईना म्हणून. ही दोघं गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या एका खोलीत गेली. बाई सकाळ-संध्याकाळ खाणावळीत भांडी घासते. दुपारी येऊन त्याला आंघोळ घालते, भरवते, आणि पुन्हा जाते. दुकानाच्या दारातला खेळ बंद पडला, पण शिंप्याची पोरं आता लाकड्याची नक्कल करतात, दोन्ही मुठी छातीशी धरून. ते पाहून शिंपी मशीन थांबवतो आणि मनसोक्त हसतो.

सुरुवातीला लाकड्या माजातच होता. घास बेचव लागला की तिच्या अंगावर थुंकायचा. ती उठायची, ताट झाकायची आणि कामाला निघून जायची, ती संध्याकाळपर्यंत. दोन-चारदा असं झालं आणि थुंकणं थांबलं. शिव्या थांबायला आणखी थोडे दिवस लागले. नंतर तो फक्त तिच्या तोंडाकडे बघत बसायचा, कसल्या तरी विचारात.

एका दुपारी तिने ताट घेतलं, त्याच्यासमोर बसली आणि घास करून पुढे केला, तर त्याने तोंड उघडलं नाही. त्या पत्र्याच्या भिंतींतून शेजाऱ्यांना सगळं ऐकू येतं, आणि कानामुळे ती बोलते जरा मोठ्यानेच.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"हात कच्चे होते ते."

"होतं की."

"मग मालकाला सांगितलं का नाहीस?"

तिने घास ताटात परत ठेवला, त्याच्यावर थोडं कालवण घेतलं आणि पुन्हा नीट मळला.

"तुम्ही मराल असा माझा हिशेब होता," ती म्हणाली. "चुकला. आता तोंड उघडा, गार होतंय."

त्याने उघडलं.